भराव, बांध आणि बेट : मातल्याकाठच्या एका बंदराचा इतिहास

मुंबई आणि कोलकाता यांची तुलना मराठी अभ्यासकांना नवी नाही. दोन वसाहतकालीन महानगरे, दोन प्रबोधने, दोन नाट्यपरंपरा अशा अंगांनी ती होत आली आहे. ही शहरे कोणत्या भूमीवर उभी आहेत, हा प्रश्न मात्र त्या तुलनेत सहसा विचारला जात नाही. मुंबई खडकाळ बेटांवर वसली आणि त्यांमधील खाड्या बुजवून वाढली. कोलकाता हुगळीच्या गाळावर वसले. त्याच्या दक्षिणेस सुंदरबनची बेटे भरती-ओहोटीबरोबर आकार बदलत राहिली. हा भेद भूगोलाचा खरा, पण 1860 च्या दशकातील एका प्रकरणात तो अर्थव्यवहाराचा आणि पुढे वाङ्मयाचाही विषय झाला.

हुगळीचे पात्र गाळाने भरून कलकत्त्याचे बंदर निकामी होईल, या भीतीपोटी मातला नदीवर पर्यायी बंदर उभारण्याचा विचार पुढे आला. वादळांचे अभ्यासक हेन्री पिडिंग्टन यांनी 1853 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसी यांना पत्र लिहून त्याला विरोध केला. ‘सायक्लोन’ हा शब्द 1848 मध्ये इंग्रजीला देणारे ते हेच. चक्रीवादळाबरोबर खाऱ्या पाण्याचा लोंढा आत शिरेल आणि वसाहत बुडेल, असे त्यांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. रेल्वे मातल्यापर्यंत पोचली, बंदराला लॉर्ड कॅनिंग यांचे नाव मिळाले. 5 ऑक्टोबर 1864 च्या वादळात कलकत्त्यात व हुगळीच्या मुखाजवळ सुमारे 60,000 माणसे दगावली. तरीही पुढच्याच वर्षी पोर्ट कॅनिंगची कंपनी स्थापन झाली.

या कंपनीच्या शेअर्सवर मुंबईतही सट्टा खेळला गेला, ही बाब मराठी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा मुंबईत लोटला होता आणि बॅक बे भरून काढण्याची योजना सर्वांच्या तोंडी होती. समुद्र हटवून जमीन मिळवता येते, हा मुंबईचा अनुभवसिद्ध विश्वास. तोच न पाहिलेल्या मातल्याच्या चिखलावर लावला गेला. त्या गुंतवणूकदारांपैकी कितीजणांनी ही नदी निदान नकाशावर तरी पाहिली असेल, कोण जाणे. 1 जुलै 1865 रोजी वायद्यांची मुदत भरली आणि बाजार कोसळला. 1 नोव्हेंबर 1867 रोजी वादळाने बंदराची दाणादाण केली. इशारा देणारे पिडिंग्टन 1858 मध्येच निवर्तले होते. त्यानंतर काही वर्षांतच बंदराचा नाद सोडून देण्यात आला.

गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 चे, म्हणजे याच तेजीच्या काळातले. बेटांचे एकसंध शहर कसे झाले, याचा तो मराठीतील मोठा आलेख. त्यांचे जन्मगाव मात्र गोव्यातील मडगाव, आणि गोव्याची किनारपट्टी ही खाजणांची भूमी. खाजणात समुद्र बुजवत नाहीत. बांध घालून त्याला ‘मानस’ नावाची दारे बसवतात. भरतीच्या दाबाने ती मिटतात, ओहोटीला उघडतात. या बांधांची देखभाल परंपरेने गावकरीकडे असे. मराठी किनाऱ्याला, म्हणजे, भरावाखेरीज आणखी एक विद्या अवगत होती. सुंदरबनच्या ‘आबाद’ गावांशी तुलना करायची तर ती या खाजणांचीच केली पाहिजे. भारतीय सुंदरबनातील 102 बेटांपैकी 54 बेटांवर वस्ती आहे आणि ती सुमारे 3,500 किलोमीटर मातीच्या बांधांच्या आधाराने टिकून आहे.

वाङ्मयात हा भेद स्पष्ट दिसतो. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये पिढ्यांबरोबर वैभव ओसरते, खाडीकाठची जमीन मात्र जागच्या जागी असते. माणिक बंद्योपाध्याय यांच्या ‘पद्मानदीर माझी’ (1936) मधील मयनाद्वीप हे अशा खात्रीचे स्थळ नाही. जंगल तोडून, दरिद्री माणसे नेऊन ते वसवावे लागते, आणि ते वसेल की नाही ही टांगती तलवार कथानकावर कायम राहते.

मरिचझांपीच्या प्रकरणात ही अनिश्चिती राजकीय झाली. फाळणीनंतरच्या बंगाली निर्वासितांना दंडकारण्यात धाडण्यात आले होते. त्यांच्यापैकी काहींची गावे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातही वसली. 1978 मध्ये दंडकारण्यातील छावण्या सोडून हजारो लोक सुंदरबनातील मरिचझांपी बेटावर आले. त्यांनी बांध घातले, शाळा काढली. जानेवारी 1979 मध्ये राज्य सरकारने राखीव वनाचे कारण देत बेटाची नाकेबंदी केली आणि मे महिन्यात त्यांना हुसकावून लावले. मृतांच्या संख्येविषयी आजही एकमत नाही.

अमिताव घोष यांनी ‘द हंग्री टाइड’ (2004) या कादंबरीत पिडिंग्टन यांचा इशारा आणि मरिचझांपी या दोहोंना एकाच शिक्षकाच्या वहीत आणले. सुंदरबनासाठी त्यांनी योजलेले ‘भाटीर देश’ हे बंगाली नाव मराठीत आणताना ‘बेट’ हा शब्द अपुरा पडतो, कारण त्यात भोवतालचे पाणी सूचित होते, दिवसातून दोनदा वर येणारे आणि उतरणारे पाणी होत नाही. कोकणातला ‘खलाटी’ हा शब्द सखल किनाऱ्यापाशी थांबतो. ‘खाजण’ त्यातल्या त्यात जवळचा.