पेनड्राइव्हवर बसवलेल्या चारशे कॅसेटी

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका जुन्या वाचनालयात गेलो होतो. गणेशोत्सवातल्या मैफली, कीर्तनं, व्याख्यानं अशा तासातासाच्या चारशेएक कॅसेटी तिथं होत्या. "सगळं डिजिटल केलं!" म्हणत सेक्रेटरींनी सोळा जीबीचा पेनड्राइव्ह दाखवला. आणि कॅसेटी? भंगारात. फाइल उघडून पाहिली: एमपीथ्री, ६४ केबीपीएस.

आता हा ६४ आकडा काय आहे बघा. डिजिटल टेलिफोनच्या एका चॅनलची क्षमता सेकंदाला ६४ किलोबिट. दोन जोडले की १२८. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या एर्लांगेनचे प्राध्यापक डीटर झाइट्झर यांना याच तारेवरून संगीत पाठवायचं होतं. सीडीला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात. पेटंट तपासनिसानं "हे अशक्य" म्हणून अर्ज नाकारला आणि झाइट्झरनी हे काम कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग या विद्यार्थ्यावर सोपवलं. युक्ती कानाच्या स्वभावात सापडली. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही. तो ढोबळपणे नोंदला तरी चालतो. सुझान वेगा यांचं साथीशिवाय गायलेलं 'टॉम्स डायनर' सुरुवातीला त्यात पार बिघडायचं, म्हणून ते पुन्हा पुन्हा लावून ब्रांडेनबुर्गनी पद्धत सुधारली. १९९५ साली फाइलला 'एमपीथ्री' हे शेपूट लागलं.

म्हणजे ही सगळी सोय आवाज वाहून नेण्यासाठी होती. जपून ठेवायला नव्हे.

आपल्या संगीताची तर त्यात आणखी पंचाईत. तानपुऱ्याची जवारी म्हणजे बारीक वरच्या स्वरांचा पुंजका. कमी बिटरेटला पहिली कात्री तिथंच लागते. तबल्याच्या कडक थापेआधीच तिची पुसट सावली ऐकू येते. शिवाय जुन्या टेपची खरखर! तिला काही आकार नसतो, त्यामुळे हाताशी असलेले थोडे बिट तीच खाऊन टाकते आणि गायकाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

बरं, दुसरा पर्याय नव्हता असंही नाही. २००१ पासून फ्लॅक आहे, फुकट आहे. त्यात फाइल लहान होते, पण उघडल्यावर एकही बिट हरवत नाही. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना 'आयासा' किमान ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइल असं सांगते. या हिशेबानं स्टिरिओचा एक तास साधारण एक जीबी. चारशे तास म्हणजे सव्वाचारशे जीबीच्या आत. एका टीबीची साधी हार्ड डिस्क घेतली असती तरी अर्धी रिकामी राहिली असती. घरी ऐकायला, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला त्यातूनच १९२ची एमपीथ्री काढा की खुशाल!

सेक्रेटरींनी विचारलं, "मग आता याच फाइली फ्लॅक करून घेऊ?" माणूस भला आहे, म्हणून सांगताना जड गेलं. ताकाचं पुन्हा दही होत नाही.

भंगारवाल्याकडे जाऊन आलो. त्याचा माल पुढे गेला होता. वाचनालयाच्या माळ्यावर मात्र एकवीस कॅसेटी निघाल्या. काहींना बुरशी आहे. कुणाकडे चालू स्थितीतला चांगला डेक असेल तर कमेंटमध्ये कळवा. नेऊन आणायची जबाबदारी माझी.