लोरायडर : जमिनीलगतच्या गाड्यांचा इतिहास

ऑक्टोबर २०२३मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी एका विधेयकावर सही केली. १ जानेवारी २०२४पासून ते लागू झालं आणि चाकाच्या रिमपेक्षा खाली बसवलेली गाडी रस्त्यावर आणणं हा त्या राज्यात गुन्हा उरला नाही. आपल्याकडे या बातमीची कुणी दखल घेण्याचं कारण नव्हतं. तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांनी मात्र हा दिवस पाहण्यासाठी पासष्ट वर्षं काढली होती.

एरवी स्पोर्ट्‌स कार खाली बसवतात ती वेगासाठी. गुरुत्वमध्य खाली आला की गाडी वळणावर कमी कलते. पूर्व लॉस एंजेलिसच्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकी तरुणांनी हा हिशेबच उलटा केला. इतर तरुण जुन्या गाड्यांची इंजिनं ताकदवान करून शर्यती लावत होते. हे आपली गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली घेत आणि व्हिटियर बुलेवार्डवरून मुद्दाम रमतगमत चालवत. ‘बाहितो इ सुआवेसितो’ म्हणजे खाली आणि हळुवार, हे त्यांचं ब्रीद. कुणी बघावं म्हणूनच ते हळू चालवत. ज्या शहराला तुम्ही दिसायला नको असता, तिथे ही साधी गोष्ट राहत नाही.

याच शहरात जून १९४३मध्ये नौसैनिकांच्या टोळ्यांनी ढगळ ‘झूट सूट’ घातलेल्या मेक्सिकन पोरांना रस्त्यात गाठून मारलं होतं, त्यांचे कपडे उतरवले होते. पोलिसांनी अटक केली ती बहुतेक मार खाणाऱ्यांनाच. नगर परिषदेत चर्चा झाली ती झूट सूटवर बंदी घालण्याची! आधी पेहराव डोळ्यांत खुपला, नंतर गाडी.

युद्धानंतर जुन्या शेवरले गाड्या स्वस्तात मिळू लागल्या. गाडी खाली घ्यायला गॅरेजला देण्याइतके पैसे मात्र हातात नव्हते. मग वाळूची किंवा सिमेंटची पोती डिक्कीत टाकायची, मागचा भाग आपोआप बसतो. त्यापुढची पायरी म्हणजे पुढच्या स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापणं. खर्च शून्य, पण वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग अधिक कडक होते आणि खड्ड्यात हाडं खिळखिळी होतात. काही जण गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवत. हा सगळ्यांत वाईट मार्ग, कारण पोलादाचं पाणीच उतरतं. मागे पाटे असतील तर पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालणं हा त्यातल्या त्यात शहाणा उपाय. या सगळ्यांत एक अडचण सारखीच होती. एकदा खाली गेलेली गाडी रस्त्यात वर घेता येत नसे.

१ जानेवारी १९५८ला नेमकं इथेच बोट ठेवणारा कायदा आला. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतलं कलम २४००८ म्हणत होतं, फेरफार केलेल्या गाडीचा कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. त्यात मेक्सिकन हा शब्द कुठेही नाही. पण अंमलबजावणी करणाऱ्याला गाडी बाजूला घ्यायला लावण्याचं निमित्त हवं होतं, ते मिळालं. गाडीची उंची मोजता मोजता आतल्या माणसाची झडती घेता येते.

उत्तर आलं भंगारातून. रॉन अगिरे या तरुणाकडे शेवरले कॉर्व्हेट होती. फायबरग्लासची बॉडी, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. त्या काळी लष्कराच्या विमानांचे सुटे भाग जुन्या सामानाच्या दुकानांत मिळत. पंखांच्या झडपा हलवणारे हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह त्यांत होते. अगिरेने १९५९च्या सुमारास ते आपल्या गाडीला जोडले. बॅटरीवर पंप फिरला की सिलिंडरमध्ये तेल शिरतं आणि गाडी उचलली जाते. व्हॉल्व्ह उघडला की तेल परततं आणि ती बसते. पोलिस समोर दिसले की एक बटण दाबायचं, गाडी कायद्यात. पोलिस गेले की पुन्हा खाली. ‘एक्स-सॉनिक’ नावाने ती कॉर्व्हेट गाजली. ही शक्कल पुढे शेवरले इम्पालासारख्या मोठ्या गाड्यांत गेली आणि लोरायडरची ओळखच बनली. आज लोक तिला करमणूक समजतात, गाड्या उड्या मारतात तेव्हा टाळ्या वाजवतात. तिचा जन्म चालान चुकवण्यातून झाला, हे त्या टाळ्यांत ऐकू येत नाही.

पोलिसांशी खटके मात्र थांबले नाहीत. व्हिटियर बुलेवार्डवरच २९ ऑगस्ट १९७०ला व्हिएतनाम युद्धविरोधी चिकानो मोर्चाच्या दिवशी पत्रकार रुबेन सालाझार पोलिसांच्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मारले गेले. पुढे कॅलिफोर्नियातल्या अनेक शहरांनी संथ फेऱ्या मारण्यावरच, म्हणजे ‘क्रूझिंग’वर बंदी घातली. म्हणजे आता गाडी उंच करूनही सुटका नव्हती. त्याच रस्त्यावरून पुन्हा पुन्हा जाणं हाच दोष ठरला. सॅन दिएगोलगतच्या नॅशनल सिटीने १९९२मध्ये असा नियम केला.

दरम्यान न्यू मेक्सिकोतली ‘डेव्हज ड्रीम’ ही १९६९ची फोर्ड एलटीडी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जाऊन बसली होती. एकीकडे राष्ट्राचा वारसा, दुसरीकडे रस्त्यावर पावती. नॅशनल सिटीने आपला नियम २०२३मध्ये मागे घेतला. त्याच वर्षीच्या विधेयकाने कलम २४००८ गेलं आणि क्रूझिंगवर बंदी घालण्याचा शहरांचा अधिकारही गेला.