ध्रुवप्रकाश आणि रायगडचा लोहचुंबक

निडीच्या आकाशात आपल्याला पाऊस दिसतो, वीज दिसते. ध्रुवप्रकाश मात्र दिसत नाही. तो दिसतो नॉर्वे, आइसलँड, अलास्का, कॅनडात आणि खाली दक्षिणेत अंटार्क्टिकाभोवती. मग रायगडात बसून त्यावर बोलायचं कशाला? कारण या प्रकाशामागचं जे कारण आहे, त्याची जगातली एक मोलाची नोंद आपल्या या कोकणपट्टीत झाली आहे.

आधी कारण बघू. सूर्यातून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तो बराचसा अडवतं. पण या झटापटीत काही कण चुंबकीय रेषांवरून ध्रुवांकडे खाली उतरतात आणि हवेतल्या अणूंवर आदळतात. साधारण शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो, त्याच्याही बराच वरचा लाल. नायट्रोजन निळी-जांभळी छटा देतो. म्हणून हा प्रकाश चुंबकीय ध्रुवांभोवती कड्यासारखा दिसतो. सूर्यावर मोठा उद्रेक झाला की हे कडं विषुववृत्ताकडे पसरतं.

असा उद्रेक १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी दुर्बिणीतून पाहिला. जेमतेम अठरा तासांत पृथ्वीवर वादळ आलं. क्युबापर्यंत आकाश लाल झालं, तारयंत्रं बिघडली. मुंबईत काय झालं? तिथे वादळ ऐन भरात आलं तेव्हा सकाळचे अकरा वाजत होते. लख्ख उन्हात आकाशात काय दिसणार? पण कुलाबा वेधशाळेत माणसं टांगलेल्या चुंबकाचं माप डोळ्यांनी वाचून वहीत लिहीत होती. चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचं त्यांनी टिपलं. एरवी मोठ्या वादळातही ही घसरण काही शे नॅनोटेस्लाचीच असते. युरोपातल्या काही यंत्रांच्या रेघा तर कागदाबाहेर गेल्या होत्या. कुलाब्याचे आकडे शाबूत राहिले.

पुढे ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात खुद्द मुंबईतून आकाशात रंग दिसल्याचं वर्तमानपत्रात छापून आलं. एडनकडे जाणाऱ्या तारेतही अडथळे आले. लाल प्रकाश फार उंचावर असतो, म्हणून तो लांबून क्षितिजावर दिसू शकतो.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्रामची तयारी सुरू झाली. ट्रामचा विद्युतप्रवाह चुंबकाची मापं बिघडवणार हे उघड होतं. शहराला ट्राम हवी होती, विज्ञानाला शांतता. तेव्हा संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात १९०४ साली चुंबकीय वेधशाळा आपल्या अलिबागला आली. इमारतीत लोखंड टाळलं, तांबं-पितळ वापरलं. आणि खरी शहाणपणाची गोष्ट म्हणजे १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या-नव्या मापांचा सांधा जुळावा. ते केलं नसतं तर कुलाब्याची साठ वर्षांची मेहनत पुढच्या नोंदींशी जोडताच आली नसती.

याचा उपयोग काय झाला? २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर कुलाब्याच्या त्याच जुन्या नोंदींवरून १८५९ च्या वादळाची ताकद मोजली. तसं वादळ आज आलं तर उपग्रह, वीजवाहिन्या, मोबाइल सगळंच धोक्यात येईल. त्याचा अंदाज बांधायला हे आकडे लागतात. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानले इथून आकाश लाल दिसलं, तेव्हा आपल्याकडे पुन्हा या विषयाची चर्चा झाली.

१८५९ साली वही भरणाऱ्या त्या बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. आपण काय मोजतोय ते पुढे कशाला लागेल, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी नोंदी घेणं सोडलं नाही. अलिबागला मोजणी आजही चालू आहे. आपल्या जिल्ह्याचा इतिहास सांगताना किल्ल्यांच्या जोडीने या वहीचंही नाव घ्यायला हवं.