पेन्सिल कोणी मोडली?

जानेवारी २००४मध्ये डिस्ने कंपनीने फ्लोरिडातल्या ऑरलँडोचा आपला ॲनिमेशन स्टुडिओ बंद करत असल्याचे जाहीर केले. हाताने चित्रे काढणाऱ्या सुमारे अडीचशे कलाकारांचे काम त्याबरोबर गेले. स्टुडिओ बंद पडणे या धंद्याला नवे नव्हते, पण या स्टुडिओचे ताजे प्रगतिपुस्तक पाहिले की कोडे पडते. 'लिलो अँड स्टिच' हा चित्रपट मुख्यतः इथेच तयार झाला होता. २००२मध्ये आलेल्या या चित्रपटावर सुमारे ८ कोटी डॉलर खर्च झाला आणि जगभरच्या तिकीटबारीवर त्याने २७ कोटी डॉलरचा गल्ला जमवला. मग कमावत्या हातांनाच नारळ का मिळाला? यावर ठरलेले उत्तर असे आहे : १९९५मध्ये 'टॉय स्टोरी' आला, प्रेक्षकांना संगणकाची गोडी लागली, हाताने काढलेली चित्रे जुनाट वाटू लागली आणि बाजाराने आपला निकाल दिला. हे उत्तर सुटसुटीत आहे, मात्र त्या दहा वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की ते टिकत नाही. तिकीटबारीने पेन्सिलीविरुद्ध निकाल दिलाच नव्हता. मोठ्या स्टुडिओंनी एकमेकांशी झुंजताना खर्च फुगवला, तोच तो साचा पुन्हा पुन्हा वापरला आणि हिशेब जुळेना तेव्हा खापर पेन्सिलीच्या माथी फोडले.

या झुंजीची सुरुवात १९९४मध्ये सापडते. त्या वर्षी एप्रिलमध्ये डिस्नेचे अध्यक्ष फ्रँक वेल्स हेलिकॉप्टर अपघातात गेले. त्यांची जागा आपल्याला मिळावी, अशी चित्रपट विभागाचे प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग यांची अपेक्षा होती. कंपनीचे सर्वेसर्वा मायकेल आयस्नर यांनी ती पुरी केली नाही, तेव्हा कॅट्झेनबर्ग बाहेर पडले आणि ऑक्टोबरमध्ये स्टीव्हन स्पिलबर्ग व डेव्हिड गेफेन यांच्याबरोबर त्यांनी ड्रीमवर्क्सची घोषणा केली. त्याच उन्हाळ्यात आलेल्या 'द लायन किंग'ने सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चावर पहिल्या फेरीतच ७६ कोटींच्या आसपास कमाई केली होती. हा आकडा पाहून सगळ्यांच्याच तोंडाला पाणी सुटले. वॉर्नर ब्रदर्सने ॲनिमेशनपटांसाठी स्वतंत्र विभाग उभा केला, तर फॉक्सने ॲरिझोनातल्या फीनिक्सला स्टुडिओ थाटून १९९७मध्ये 'अनास्तासिया' काढला. पैसा रातोरात उभा करता येतो, पण पात्राच्या चालण्याला वजन आणि नजरेला अर्थ देणारा चित्रकार घडायला वर्षे लागतात. मूठभर अनुभवी हातांसाठी चार पेढ्या बोली लावू लागल्या की जे व्हायचे तेच झाले. पगार वाढले, माणसे अडकवून ठेवण्यासाठी मोठे करार झाले आणि डिस्नेच्या ॲनिमेशन विभागाची कर्मचारीसंख्या १९९९च्या सुमारास २,२००पर्यंत गेली.

या बोलीचा परिणाम चित्रपटांच्या किमतीत दिसतो. १९९९च्या 'टारझन'चा खर्च सुमारे १३ कोटी डॉलर होता, म्हणजे पाच वर्षांत जवळजवळ तिप्पट. आता कमाई पाहा. 'द हंचबॅक ऑफ नोट्र डेम'ने १९९६मध्ये सुमारे साडेबत्तीस कोटी, 'हर्क्युलीस'ने पुढच्या वर्षी २५ कोटी, 'मुलान'ने १९९८मध्ये ३० कोटी आणि 'टारझन'ने जवळपास ४५ कोटी डॉलर मिळवले. 'टॉय स्टोरी' येऊन गेल्यानंतरचे हे चित्रपट आहेत आणि त्यांत प्रेक्षक पाठ फिरवतो आहे असे कुठेच दिसत नाही. 'लायन किंग'चे शिखर पुन्हा गाठता आले नाही इतकेच, पण शिखर हीच सरासरी धरून जो खर्च करतो, त्याला सपाटीसुद्धा दरीसारखी भासते. त्यातच १९९४च्या 'द रिटर्न ऑफ जाफर'पासून डिस्नेने आपल्याच गाजलेल्या चित्रपटांचे स्वस्तातले पुढचे भाग थेट व्हिडिओवर आणायला सुरुवात केली. त्यातून तत्काळ नफा भरपूर झाला. मात्र सणासुदीला मिळणारे पक्वान्न रोजच्या डब्यात येऊ लागले, की त्यासाठी रांग लावण्याची ओढ कमी होतेच.

पेन्सिल विरुद्ध संगणक अशी मुळात लढाईच नव्हती, हेही इथे नोंदवायला हवे. हाताने काढलेल्या चित्रांना संगणकावर रंग देऊन त्यांचे थर जुळवणारी कॅप्स ही प्रणाली डिस्नेने पुढे 'टॉय स्टोरी' बनवणाऱ्या पिक्सारच्या साथीने घडवली आणि १९९०च्या 'द रेस्क्युअर्स डाउन अंडर'पासून ती पूर्णपणे वापरात होती. 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधले नृत्याचे दालन संगणकाने उभे केले होते. 'लायन किंग'मधला रानगव्यांसारख्या विल्डबीस्टच्या कळपाचा थरारही त्याचाच. 'टॉय स्टोरी'चे वितरण डिस्नेनेच केले आणि पिक्सारच्या नफ्यात तिचा वाटाही होता. म्हणजे ज्याला प्रतिस्पर्धी म्हणायचे तो घरातलाच भागीदार होता. पेन्सिलीची बाजू सर्वात स्पष्ट दिसते ती १९९८च्या ड्रीमवर्क्समध्ये. त्या वर्षी ड्रीमवर्क्सने 'अँट्झ' हा संगणकीय आणि 'द प्रिन्स ऑफ ईजिप्त' हा हातचित्रित, असे दोन चित्रपट काढले. मुंग्यांच्या 'अँट्झ'ची जगभरची कमाई सुमारे १७ कोटी झाली, तर मोझेसच्या कथेवरच्या गंभीर संगीतपटाची जवळपास २२ कोटी. कंपनी एक, साल एक आणि पारडे पेन्सिलीकडे झुकलेले. तरीही इतिहास सांगताना 'अँट्झ' आणि पिक्सारचा 'अ बग्ज लाइफ' यांची मुंग्यांची लढाईच लक्षात ठेवली जाते, कारण भांडणाची गोष्ट हिशेबापेक्षा रंगतदार असते.

२००२ साल तर जणू मुद्दाम केलेल्या प्रयोगासारखे आहे. डिस्नेने जूनमध्ये 'लिलो अँड स्टिच' आणि नोव्हेंबरच्या अखेरीस 'ट्रेझर प्लॅनेट' प्रदर्शित केला. पहिल्यात हवाईतल्या दोन अनाथ बहिणी आणि घरात शिरलेला एक उपद्व्यापी परग्रहवासी. बेत छोटा, पार्श्वभूमीची चित्रे जलरंगात, हे तंत्र डिस्नेने कित्येक दशके बाजूला ठेवलेले. दुसऱ्यात 'ट्रेझर आयलंड' अवकाशात नेलेले, हाताने काढलेल्या जॉन सिल्व्हरला संगणकाने बनवलेला यांत्रिक हात जोडलेला आणि खर्च सुमारे १४ कोटी. तो 'हॅरी पॉटर'च्या दुसऱ्या चित्रपटाच्या पाठोपाठ, सुट्ट्यांच्या गर्दीत उतरला आणि जगभरात ११ कोटींच्या आसपास अडकला. तिकिटाच्या पैशातला जवळपास निम्मा वाटा चित्रपटगृहाकडे राहतो हे धरले, तर हा तोटा प्रचंड होता. पण शिकायचे काय? एकाच वर्षी, एकाच कंपनीत, एकाच पद्धतीने बनलेल्या दोन चित्रपटांपैकी एक तरतो आणि एक बुडतो, तेव्हा दोष पद्धतीत असू शकत नाही. संगणकाचा सढळ वापर केलेला महागडा चित्रपट बुडाला आणि साधा, हाताच्या कामावर विसंबलेला तरला. तरीही बुडालेल्याचे उदाहरण धोरण ठरले आणि तरलेला अपवाद मानला गेला. पुढच्या वर्षी ड्रीमवर्क्सचा हातचित्रित 'सिंदबाद' आपटला, तेव्हा पारंपरिक गोष्ट पारंपरिक चित्रांतून सांगण्याचे दिवस सरले, असे कॅट्झेनबर्ग यांनीही बोलून दाखवले. त्या उन्हाळ्यात आधी 'फाइंडिंग नीमो' होता आणि आठवड्याभरात 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' आला, याची दखल निष्कर्षात उतरली नाही.

हाच न्याय दुसऱ्या बाजूला लावला असता तर? २००१मध्ये 'फायनल फँटसी' हा संपूर्ण संगणकीय चित्रपट सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर खर्चून काढला आणि साडेआठ कोटींच्या आसपास थांबला. २०११मध्ये डिस्नेच्याच 'मार्स नीड्स मॉम्स'ने १५ कोटींच्या खर्चावर ४ कोटीही जमवले नाहीत. यानंतर संगणकीय ॲनिमेशन संपले असे कोणीही म्हटले नाही. कथा फसली, चेहरे निर्जीव वाटले, अशी कारणे शोधली गेली आणि ती योग्यच होती. एका पद्धतीचे अपयश चित्रपटाच्या खात्यावर आणि दुसरीचे अपयश पद्धतीच्या खात्यावर, असा हा दुहेरी हिशेब होता.

याला पहिला आक्षेप वजनदार आहे. 'फाइंडिंग नीमो'ने २००३मध्ये ८७ कोटी आणि 'श्रेक २'ने पुढच्या वर्षी ९० कोटींहून अधिक कमावले. त्या काळातला एकही हातचित्रित अमेरिकी चित्रपट या उंचीच्या आसपास नव्हता. हे खरे आहे आणि नव्या रूपाचे आकर्षण त्यात होते, हेही मान्य करायला हवे. पण २००१चा 'श्रेक' चालला तो परीकथांच्या गोड साच्याची, म्हणजे डिस्नेच्याच साच्याची, यथेच्छ टवाळी करून. पिक्सारने गाणी गाणारी राजकन्या सोडून हरवलेल्या पिल्लाच्या बापाची काळजी पडद्यावर आणली. संगणकाबरोबर नवा विषयही आला होता, आणि गल्ल्याचे श्रेय मात्र एकट्या संगणकाला गेले. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. संगणकात घडवलेले पात्र पुढच्या भागासाठी पुन्हा वापरता येते, कॅमेऱ्याचा कोन उशिरा बदलता येतो. मालिका चालवणाऱ्या कंपनीला ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण त्यामुळे बचत झाली म्हणावे, तर ३ कोटींच्या 'टॉय स्टोरी'चा तिसरा भाग २०१०मध्ये २० कोटींवर कसा गेला? सोय ज्या प्रमाणात वाढली, त्याहून स्पर्धेची हाव अधिक वाढली.

तिसरा आक्षेप असा, की पेन्सिलीला दुसरी संधी मिळाली आणि तीही वाया गेली. जानेवारी २००६मध्ये डिस्नेने पिक्सार ७४० कोटी डॉलरना विकत घ्यायचे ठरवले. गंमत अशी, की संगणकीय चित्रपटांचे अध्वर्यू, पिक्सारचे जॉन लॅसेटर आणि एड कॅटमल यांनीच डिस्नेच्या ॲनिमेशनची सूत्रे हाती घेतल्यावर हातचित्रित पट परत आणला. २००९च्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग'ने साडेदहा कोटींच्या खर्चावर जवळपास २७ कोटी मिळवले आणि ही कमाई अपुरी ठरवली गेली. पुढच्या वर्षी संगणकीय 'टँगल्ड'ने ५९ कोटी मिळवले, तो विजय मानला गेला. मात्र त्याचा खर्च २६ कोटींच्या घरात सांगितला जातो. खर्चाच्या मानाने बेडूक अडीचपट आणि लांब केसांची राजकन्या सव्वादोनपट. विजय आणि पराभव यांतली रेघ इतकी पातळ होती. दरम्यान २००७मध्ये रेषांतलाच 'द सिम्पसन्स मूव्ही' साडेसात कोटींत बनून ५० कोटींच्या पुढे गेला. तो दूरदर्शन मालिकेच्या पुण्याईवर चालला, असे म्हणता येईल. पण मग लोक ओळखीच्या पात्रांसाठी येतात, चित्र कशाने काढले हे तपासत नाहीत, हाच मुद्दा त्यातून सिद्ध होतो. जपानमध्ये तर 'स्पिरिटेड अवे'ने २००१मध्ये प्रस्थापित केलेला देशांतर्गत कमाईचा विक्रम २०२०मध्ये मोडला, तो 'डेमन स्लेयर'च्या चित्रपटाने. तोही मुख्यतः रेषांवर उभा होता.

अमेरिकेत हात थांबले ते प्रेक्षक उठून गेला म्हणून नव्हे. जानेवारी २००४च्या अखेरीस पिक्सारने डिस्नेबरोबरच्या कराराची बोलणी मोडली. भागीदार जाणार हे दिसत असलेल्या कंपनीला आपणही संगणकीय चित्रपट काढू शकतो, हे गुंतवणूकदारांना दाखवायचे होते. जुने टाकून देणे हा त्या घाईत धाडसाचा सर्वात स्वस्त पुरावा ठरला. तिकीटबारी फक्त किती लोक आले ते सांगते. का आले, का नाही आले, हे उत्तर हिशेब मांडणारा स्वतः लिहितो. २०२५मध्ये डिस्नेने 'लिलो अँड स्टिच' नटनट्यांना घेऊन आणि संगणकाने घडवलेल्या स्टिचसह पुन्हा काढला. त्याने १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. ते निळे पात्र ज्या स्टुडिओत कागदावर उमटले होते, त्याला टाळे लागून तेव्हा एकवीस वर्षे झाली होती.