डॉ. हाफकिन आणि मलकोवालची बाटली

नाशिक जिल्ह्यांतील भगूर गांवीं १८९९ सालीं प्लेगनें दामोदरपंत सावरकर मृत्यु पावले, हें वाचकांस विदितच आहे. या रोगावर ज्यांनीं मुंबईंत लस सिद्ध केली, त्या डॉ. वाल्डेमार हाफकिन यांचें चरित्र दप्तरें शोधणारांस विशेष बोधप्रद असल्यानें तें येथें संक्षेपानें देतों.

हाफकिन यांचा जन्म १८६० सालीं ओडेसा येथें झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत पटकीची लस शोधून ते १८९३ सालीं हिंदुस्थानांत आले. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. ऑक्टोबरांत हाफकिन तेथें दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत काम करून त्यांनीं लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःसच टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगांत तिची परीक्षा झाली. १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत त्यांची प्रयोगशाळा आली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल येथें १०७ इसमांस लस टोचली. पैकीं १९ धनुर्वातानें दगावले. दोष प्रयोगशाळेवर ठेवून हाफकिन यांस कामावरून दूर केलें गेलें.

येथें कागदांचें मोल दिसून येतें. मृत १९ ही इसमांस एकाच बाटलींतील लस टोचली होती. इतर बाटल्यांनीं कोणास अपाय झाला नाहीं. ती बाटली उघडण्याच्या वेळीं मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला व तो पुरता निर्जंतुक न करितां वापरला गेला, ही गोष्ट चौकशीच्या कागदांत नमूद होती. परंतु ते कागद बरेच दिवस प्रसिद्ध झाले नाहींत. ते बाहेर आल्यावर रोनाल्ड रॉस प्रभृति दहा शास्त्रज्ञांचें पत्र २९ जुलै १९०७ च्या लंडन 'टाइम्स'मध्यें छापलें गेलें व त्याच वर्षीं हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ सालीं परळच्या संस्थेस त्यांचें नांव दिलें गेलें. १९३० सालीं लोझान येथें ते निवर्तले.

ग्रँट मेडिकल कॉलेज आज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशीं (स्थापना १९९८) संलग्न आहे. पुढील सांथीची सिद्धता करणारांस मागील सांथीचे कागद लागतात. सबब, संग्राहकांस आमची विनंति कीं, रुमालांत प्लेगच्या काळचीं पत्रें अगर टोचणीचे दाखले आढळल्यास अर्वाचीन म्हणून ते टाकूं नयेत. एका चिमट्याच्या नोंदीनें एका थोर संशोधकाची अब्रू राखली, हें विसरतां कामा नये.