संगणकाचा पडदा बिघडल्यास : ग्राफिक्स ड्रायव्हरचा दोष ओळखण्याची रीत

डेस्कटॉप संगणकाचा पडदा अचानक काळा होणे, चित्र थरथरणे, अक्षरे अवाढव्य दिसू लागणे किंवा खेळ अथवा चित्रफीत चालू असताना संगणक गोठून जाणे, या तक्रारी नित्याच्या आहेत. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात : ‘कार्ड गेले, नवे घ्या’ किंवा ‘फॉरमॅट मारा’. पहिला सल्ला खिशाला चटका लावतो. दुसऱ्यामुळे, प्रत काढून ठेवलेली नसल्यास, वर्षानुवर्षांची छायाचित्रे आणि हिशेब एका तासात नाहीसे होऊ शकतात. पुष्कळदा या दोन्हींची गरज नसते; दोष ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये असतो आणि तो घरच्या घरी, एकही रुपया न खर्चता दूर करता येतो. मात्र त्यासाठी पायऱ्यांचा क्रम पाळावा लागतो.

ड्रायव्हर म्हणजे काय?

विंडोज किंवा लिनक्स ही कार्यप्रणाली आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामधील दुभाषी प्रणाली म्हणजे ड्रायव्हर. कार्यप्रणालीच्या आज्ञा कार्डाला समजतील अशा रूपात पोहोचवणे हे तिचे काम. हा दुभाषी अडखळला की सुस्थितीतील कार्डही निकामी भासते. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टकडे नोंदल्या गेलेल्या विंडोज व्हिस्टा कोसळण्याच्या घटनांपैकी सुमारे 29 टक्के घटनांचे खापर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर फुटले होते. पुढे एका न्यायालयीन दाव्यात उघड झालेल्या कागदपत्रांतून ही बाब समोर आली.

पहिली कसोटी : दोष केव्हा दिसतो?

ग्राफिक्स ड्रायव्हर कार्यप्रणालीसोबत सुरू होतो. त्याआधी दिसणाऱ्या बायोसच्या पडद्याशी त्याचा संबंध नसतो. म्हणून संगणक चालू करताच डिलीट किंवा एफ-2 बटण दाबून बायोसमध्ये जावे. (हे बटण मदरबोर्डागणिक बदलते.) तेथेच रेघा, ठिपके किंवा विस्कटलेली अक्षरे दिसल्यास दोष केबल, मॉनिटर वा कार्डाचा आहे, ड्रायव्हर बदलून उपयोग नाही. बायोस स्वच्छ दिसून विंडोज सुरू होताच गडबड होत असेल, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा.

दुसरी कसोटी सेफ मोडची. या स्थितीत विंडोज कार्डाचा खास ड्रायव्हर बाजूला ठेवून प्राथमिक ड्रायव्हरवर चालते. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून रीस्टार्ट निवडावे, नंतर ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या मार्गाने जाऊन पुन्हा रीस्टार्ट करावे व 4 हा अंक दाबावा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर वाटेत रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच लिहून ठेवावी. सेफ मोडमध्ये सर्व सुरळीत चालले, तर ड्रायव्हरवरील संशय बळावतो. तरीही निकाल अंतिम मानू नये. प्राथमिक ड्रायव्हर कार्डावर फारसा ताण देत नाही, त्यामुळे ताणाखालीच उघड होणारा कार्डाचा दोष तेथे दडून राहू शकतो.

आधी साध्या गोष्टी

मॉनिटरची केबल मदरबोर्डाऐवजी ग्राफिक्स कार्डालाच जोडलेली आहे ना, हे पाहावे. ही चूक आश्चर्य वाटावे इतकी सर्रास होते. दुसरी केबल लावून पाहावी. वीज पूर्ण बंद करून कार्ड खाचेत नीट बसले आहे का आणि त्याची स्वतंत्र वीजजोडणी घट्ट आहे का, हे तपासावे. पंख्यात साचलेली धूळ काढावी. धुळीमुळे तापलेले कार्ड आणि बिघडलेला ड्रायव्हर यांची लक्षणे बऱ्याचदा सारखीच असतात.

पडदा गोठला किंवा काळा झाला, तर विंडोज 10 व 11 मध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबावीत. ग्राफिक्स ड्रायव्हर तिथल्या तिथे पुन्हा सुरू होतो आणि उघडलेली कामे सहसा शाबूत राहतात.

विंडोज काय सांगते?

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडावा आणि डिस्प्ले अडॅप्टर्स हा भाग पाहावा. तेथे कार्डाच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे दिसल्यास योग्य ड्रायव्हर चालू नाही. पिवळे चिन्ह असल्यास त्या नोंदीवर दोनदा क्लिक करून संकेतांक वाचावा. 28 म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. 22 म्हणजे उपकरण बंद करून ठेवले आहे. 43 म्हणजे उपकरणानेच अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले आहे. 43 चे मूळ ड्रायव्हरमध्ये असू शकते, तसेच कार्डातही.

इव्हेंट व्ह्यूअरमधील 4101 क्रमांकाची नोंदही उपयोगी आहे. कार्डाने ठरलेल्या मुदतीत, एरवी 2 सेकंदांत, प्रतिसाद दिला नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते आणि ही नोंद ठेवते. ती वारंवार दिसत असल्यास ड्रायव्हरबरोबरच तापमान आणि वीजपुरवठाही तपासावा.

मागे जावे की पुढे?

अद्यतनानंतर लगेच बिघाड सुरू झाला असेल, तर आधी मागे जावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधील ड्रायव्हर या भागात ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असते. नवे ते चांगलेच, असे ड्रायव्हरबाबत म्हणता येत नाही. मार्च 2010 मध्ये एनव्हिडियाला आपला 196.75 हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला होता. त्यामुळे काही कार्डांचे पंखे नीट चालत नव्हते आणि कार्डे तापत होती.

बटण निष्क्रिय असेल किंवा बिघाड जुनाच असेल, तर नवा ड्रायव्हर घ्यावा. तो एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. तयार जोडणीच्या संगणकासाठी त्या कंपनीचे संकेतस्थळ आधी पाहावे. ‘तुमचे 17 ड्रायव्हर कालबाह्य झाले आहेत’ असे भिववणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे. ड्रायव्हर कार्यप्रणालीच्या गाभ्यात काम करतो. अनोळखी ठिकाणचा ड्रायव्हर बसवणे म्हणजे तिऱ्हाइताच्या हाती तिजोरीची किल्ली देणे होय.

पूर्ण सफाई

एवढ्यानेही भागले नाही, तर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष काढावे लागतात. नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवावा आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत घ्यावी. मग इंटरनेट तोडावे, अन्यथा विंडोज अपडेट मध्येच स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर बसवते. सेफ मोडमध्ये ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे मोफत साधन चालवून जुना ड्रायव्हर काढावा, संगणक नेहमीप्रमाणे सुरू करून नवा बसवावा आणि मगच इंटरनेट जोडावे. वीज जाण्याची शक्यता असलेल्या दिवशी हे काम यूपीएसशिवाय करू नये.

जुनी कार्डे आणि लिनक्स

कंपन्या जुन्या कार्डांचा पाठिंबा कालांतराने थांबवतात. एनव्हिडियाने केपलर रचनेच्या, म्हणजे 600 व 700 मालिकांतील बहुतांश डेस्कटॉप कार्डांसाठी नियमित नवे ड्रायव्हर देणे 2021 मध्ये थांबवले. अशा कार्डावर आजचा ड्रायव्हर लादू नये. त्या मालिकेसाठी दिलेला शेवटचा ड्रायव्हर वापरावा.

लिनक्सवर एएमडी व इंटेलचे ड्रायव्हर बहुधा प्रणालीतच असतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर वितरणाच्या स्वतःच्या भांडारातून घेणे सुरक्षित. तो बसवूनही चालू होत नसेल, तर बायोसमधील सिक्युअर बूट त्याला अडवत आहे का, हे पाहावे.

केव्हा थांबावे?

बायोसमध्येही चित्र विस्कटलेले असेल, पूर्ण सफाईनंतर 43 हा संकेतांक कायम राहिला असेल, किंवा तेच कार्ड दुसऱ्या संगणकातही तसेच वागत असेल, तर दोष हार्डवेअरचा समजावा. दुरुस्तीला नेताना कोणत्या पायऱ्या केल्या आणि काय दिसले, हे कागदावर लिहून न्यावे. तंत्रज्ञाचा वेळ वाचतो आणि ‘आधी फॉरमॅट करून पाहू’ या प्रस्तावाला नकार देण्यास आधार मिळतो.