इतिहास घेऊन काय करणार?



दहावीचा निकाल लागला की भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीच्या घराघरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘कला शाखेत जाऊन, इतिहास घेऊन काय करणार?’ पालकांची काळजी रास्त आहे. तरीही या प्रश्नाचे उत्तर म्हणून एका इतिहासकाराची वाटचाल आपल्यापुढे ठेवावीशी वाटते. त्यांचे नाव सर इयान कर्शॉ. हिटलरचा उदय आणि अस्त मराठी वाचकाला वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ या ग्रंथामुळे ठाऊक आहे. कर्शॉ यांनी मात्र निराळाच प्रश्न विचारला : त्या राज्यात तुमच्याआमच्यासारखा सामान्य माणूस काय करीत होता?

कर्शॉ यांचा जन्म २९ एप्रिल १९४३ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम या कापडगिरण्यांच्या गावी झाला. लिव्हरपूल व ऑक्सफर्ड येथे त्यांचे शिक्षण झाले. त्यांचा मूळ विषय मध्ययुगीन इतिहास. बोल्टन येथील एका जुन्या ख्रिस्ती मठाचे धान्याचे, लोकरीचे हिशेब तपासून त्यांनी प्रबंध लिहिला व मँचेस्टर विद्यापीठात ते मध्ययुगाचा इतिहास शिकवू लागले. नोकरी होती, विषय पक्का होता. दुसरा कोणी असता तर तिथेच स्थिरावला असता.

पण नोकरी सांभाळून ते जर्मन भाषा शिकू लागले. १९७२ साली ते बव्हेरियात गेले असता एका वृद्ध गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. इंग्रजांनी हिटलरला साथ द्यायला हवी होती, असे तो वृद्ध सांगू लागला आणि ज्यूंविषयी अत्यंत हीन शब्द बोलला. युद्ध संपून सत्तावीस वर्षे लोटली होती, तरी विष उतरले नव्हते. हे विष साध्या माणसांत भिनले कसे, हा प्रश्न कर्शॉ यांना स्वस्थ बसू देईना. तिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी आपला विषयच बदलला.

१९७५ पासून म्युनिक येथे मार्टिन ब्रोशाट यांच्या नेतृत्वाखालील संशोधनात ते सहभागी झाले. आपल्याकडे ठाणेदार, तहसीलदार वर अहवाल पाठवतात, तसे बव्हेरियातील अधिकारी, पोलीस ठाणी व धर्मगुरूही नियमितपणे अहवाल पाठवीत असत. शेतकरी भावाबद्दल कुरकुरतात, कामगार मजुरीवर नाराज आहेत, अशा बारीकसारीक नोंदी त्यांत होत्या. मठाच्या हिशेबवह्या वाचण्याची सवय येथे कामी आली. शिकलेले काही वाया जात नाही, ते असे.

त्या कागदांतील एक प्रसंग पालकांनी विशेष लक्षात ठेवावा. १९४१ च्या एप्रिलमध्ये बव्हेरियाच्या एका नाझी मंत्र्याने शाळांतून क्रूस काढून टाकण्याचा हुकूम काढला. कॅथलिक माता खवळून उठल्या. पती व मुलगे आघाडीवर लढत असताना त्यांनी निवेदने दिली, जाब विचारला. अखेर ऑगस्टमध्ये त्या बलाढ्य सत्तेला हुकूम मागे घ्यावा लागला! म्हणजे, लोकांनी ठरवले तर काही गोष्टींत सरकार नमत होते. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये म्युनिक व न्यूरेंबर्गमधील ज्यूंना आगगाड्यांत भरून पूर्वेकडे मृत्यूच्या दिशेने पाठवण्यात आले, तेव्हा तसा आवाज उठला नाही. बव्हेरियात ज्यू शेकडा एकाहूनही कमी होते. बहुतेकांच्या मनात धगधगता द्वेष होता असेही नाही. भीती होती, आणि त्याहून अधिक बेपर्वाई होती. ‘आपल्याला काय त्याचे?’ एवढ्यावर प्रश्न मिटत होता. द्वेष करणारे थोडे असले तरी चालते, बाकीचे गप्प राहिले की पुरे, हा कर्शॉ यांच्या १९८३ मधील ग्रंथाचा निष्कर्ष आजही अंगावर काटा आणतो.

पुढे १९८९ ते २००८ या काळात ते शेफील्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. १९९८ व २००० साली त्यांचे हिटलरचे द्विखंडी चरित्र प्रसिद्ध झाले आणि २००२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. मध्ययुग सोडून परक्या भाषेत शिरलेल्या माणसाचे हे यश आहे.

वाचकहो, यातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट भाषेची. आपली मुले घरी उर्दू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी सहज बोलतात. महाराष्ट्रातच सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी व उर्दू आत्मसात करून मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मराठीत आणली. ही भाषांची शिदोरी आपल्या मुलांकडे आधीच आहे. तिला ओझे समजू नका. दुसरी गोष्ट कागदांची. कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, मालगुजारी तलावांचे जुने कागद यांतून आपल्या जिल्ह्याचा इतिहास लिहिला जाण्याची वाट पाहत आहे. ते रद्दीत जाऊ देऊ नका.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. साक्ष द्यायची ती न्यायाने द्यावी, मग ती स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध का असेना, ही शिकवण आपल्याला नवी नाही. बव्हेरियाच्या माता आपल्या श्रद्धेसाठी बोलल्या, यात गैर काही नव्हते. पण शेजारच्या घरावर संकट आले तेव्हा त्या बोलल्या नाहीत. आपल्यावर आले की बोलायचे आणि दुसऱ्यावर आले की दार लावून घ्यायचे, ही चूक कोणत्याही समाजाकडून होऊ शकते, आपल्याकडूनही.

तेव्हा आपला मुलगा किंवा मुलगी उद्या म्हणाली, ‘अब्बा, मला इतिहास घ्यायचा आहे,’ तर लगेच नाही म्हणू नका. समाजाला डॉक्टर हवेत, इंजिनिअर हवेत. आणि आपण कुठे गप्प राहिलो, हे कागद पुढे ठेवून सांगणारे माणूसही हवे.